हुंडी, व्ही. पी. आणि रेडमंडचे पाकीट

लोद, अश्दोद, ठाणे, टोरांटो, कोठूनही आप्तांचा फोन आला की ख्यालीखुशाली झाल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "मावशी, घर बदलायचं आहे, कपाट विकायला काढलंय. घेणारा विचारतो, पैसे कशाने पाठवू? काय सांगू?" कोणी विचारतो पेपॅल बरे की झेल, कोणाच्या घरी बिट आणि पेबॉक्स यांवरून बापलेकात वाद, तर मुंबईकडचे नातलग गूगल पे आणि फोन पे यांत गुरफटलेले. आम्ही रेडमंडला राहतो, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गावात, तेव्हा यातले सारे आम्हांला ठाऊक असणार अशी सर्वांची समजूत. आमचा जन्म इस्पितळाच्या वॉर्डांत गेला, संगणकाच्या कारखान्यात नव्हे, हे सांगूनही उपयोग होत नाही. तरी प्रश्न खरा आहे, आणि त्यापायी आपल्या काही वडीलधाऱ्या मंडळींचे कष्टाचे पैसे बुडालेले आहेत. म्हणून त्याचा मागोवा घेण्याचे ठरविले, तो वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. विकणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी, दोघांची ओळख नाही. आधी माल सोडावा तर पैसे बुडण्याचे भय, आधी पैसे सोडावे तर माल न येण्याचे. मध्ये कोणीतरी तिसरा उभा राहिल्यावाचून हा गुंता सुटत नाही. तो तिसरा कोण, त्याची मजुरी किती, आणि त्याने घात केला तर दाद कोठे मागायची, एवढ्या तीन गोष्टींभोवती ही सारी कथा फिरते.

आपल्या देशात हे काम पेढीवाले सराफ हुंडीने करीत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच मिळत, त्यामुळे वाटेत कोणी ती चोरली तरी चोराच्या हाती कागदाचा कपटाच राही. समुद्रावरच्या व्यापारात जोखमी हुंडी असे. गलबत बंदराला सुखरूप लागले तरच तिचे पैसे देणे, गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे पैसे पाठविणे आणि विमा ही दोन्ही कामे एका चिटोऱ्यावर. इंग्रज सरकारने १८८१ साली चेक, हुंड्या वगैरेंसाठी कायदा केला तेव्हादेखील देशी भाषेतील हुंड्यांचा जागोजागचा रिवाज त्यांनी मोडला नाही, तो तसाच राहू दिला. यावरून त्या रिवाजाची मजबुती ध्यानात यावी.

पण हुंडी ही मोठ्यांची गोष्ट. कोकणात तेलाचा घाणा चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांचा तिच्याशी फारसा संबंध येण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दारी जी आली ती मनिऑर्डर. १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याने ती सुरू केली. पुढे आपली माणसे पलटणीत, रेल्वेत, गोदीत, गिरण्यांत, इस्पितळांत चाकरीस लागली, आणि अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड या बाजूंची घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालू लागली. अर्थशास्त्राचे लोक साऱ्या कोकणालाच मनिऑर्डरीवर जगणारा मुलूख म्हणत. ते खोटे नव्हते.

आमच्या पिढीने हा व्यवहार डोळ्यांनी पाहिला आहे. एस. एस. सी.पर्यंत आम्ही मराठी शाळेतच शिकलो आणि नंतर देश सोडला, त्यामुळे पोस्टातला तो फॉर्म आजही जसाच्या तसा आठवतो. खाली चिंचोळे कूपन असे. त्यावर "तब्येत जपणे, धाकटीची फी भरणे, पैसे पोचताच कळविणे" एवढे तीन ओळींत बसवायचे. पोस्टमन ओसरीवर बसून नोटा हातावर मोजून देई. घेणाऱ्यास सही येत नसेल तर अंगठा घेई, त्यावर साक्षीदाराची सही. ती पोच परत पाठविणाऱ्याकडे मुंबईस जाई. कूपन मात्र आज्या डब्यात जपून ठेवीत. पोस्टमनला चहापाणी देण्याची चाल होती. ते कमिशनावरचे वेगळे कमिशनच म्हणायचे!

खरेदीविक्रीसाठी त्याहून नामी युक्ती व्ही. पी.ची. तीही टपाल खात्याचीच, १८७७ सालची. पुण्यामुंबईच्या दुकानदाराने पुस्तक, औषध, घड्याळ काय हवे ते पार्सल करून टाकायचे. पोस्टमनने ते दारी आणायचे, किंमत वसूल करायची, मग पार्सल हाती द्यायचे, आणि पैसे मनिऑर्डरीने दुकानदारास पोचवायचे. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत "व्ही. पी.ने पाठवू" ही अक्षरे पाहिली नाहीत असा वाचक आमच्या वयाचा सापडणार नाही. विकणाऱ्याचे भय यात पुष्कळ कमी झाले. फार तर गिऱ्हाईक पार्सल नाकारील आणि टपालखर्च अंगावर पडेल. घेणाऱ्याचे अर्धेच कमी झाले, कारण पैसे दिल्याखेरीज पार्सल उघडता येत नसे. आत घड्याळाऐवजी दगड निघाल्याच्या गोष्टी सर्वांनी ऐकल्या आहेत. तरी लक्षात घ्या, पैसे मधल्या वाटेवर असताना ते सरकारच्या हाती होते. लोकांनी व्ही. पी.वर विश्वास ठेवला तो त्या दुकानदारावर नव्हे, खाकी कपड्यांतल्या पोस्टमनवर.

अमेरिकेतही फारसे निराळे नव्हते. पोस्टाची मनिऑर्डर येथे यादवी युद्धात १८६४ साली सुरू झाली. सैनिकांना घरी पैसे धाडता यावेत हा हेतू. तारेने पैसे पाठविण्याचे काम वेस्टर्न युनियन कंपनीने १८७१ पासून हाती घेतले. तिने तारा पाठविणे २००६ च्या जानेवारीत बंद केले, पैसे पाठविणे चालूच आहे. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत संपली.

येथे कायद्याच्या तीन सालांचा उल्लेख केला पाहिजे, कारण आजच्या निवडीची गुरुकिल्ली त्यांत आहे. तुमचे क्रेडिट कार्ड कोणी चोरून वापरले तर तुमच्यावर फार तर ५० डॉलरांचा बोजा पडावा, हे अमेरिकन कायद्याने १९७० साली ठरविले. १९७४ च्या कायद्याने बिलावरील चुकीच्या रकमेविरुद्ध, न आलेल्या मालाविरुद्ध लेखी तक्रार करण्याचा हक्क दिला. त्यासाठी बिल निघाल्यापासून साठ दिवस. बँक खात्यातून परस्पर जाणाऱ्या पैशांसाठी १९७८ साली वेगळा कायदा झाला, आणि तो इतका उदार नाही. डेबिट कार्ड हरवल्याचे कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत बँकेला कळविले तर ५० डॉलर, उशीर केला तर जबाबदारी ५०० पर्यंत जाऊ शकते. शिवाय त्या कायद्याचे संरक्षण आहे ते तुमच्या परवानगीवाचून गेलेल्या पैशांना. तुम्ही स्वतः बटण दाबून ठकाला पाठविलेल्या पैशांचे काय, यावर हा कायदा स्पष्ट आधार देत नाही. सर्व घोळ तेथे आहे.

आता रेडमंड. सिअॅटलच्या पूर्वेस, समामिश सरोवराच्या उत्तर टोकाला हे गाव आहे. १९१२ च्या शेवटच्या दिवशी त्याला नगराचा दर्जा मिळाला, आणि १९८६ साली शेजारच्या बेलव्ह्यूहून मायक्रोसॉफ्ट येथे आली. आज येथे रस्त्यावर मराठी ऐकू येते ते तिच्यामुळेच. परंतु फार थोड्यांच्या ध्यानात असते की साऱ्या जगाचे पैशाचे पाकीट आपल्या खिशात असावे असा प्रयत्न या कंपनीने दहा-बारा वर्षे नेटाने केला आणि तो फसला. हा इतिहास आम्हांला मोठा बोधक वाटतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९९१ साली त्यांनी 'मनी' नावाचा घरगुती हिशेबाचा प्रोग्रॅम काढला. त्या धंद्यात इंट्युइट कंपनीचा 'क्विकन' फार पुढे होता. तेव्हा १९९४ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने इंट्युइटच विकत घेण्याचा करार केला, किंमत दीड अब्ज डॉलर. हिशेबाच्या वहीतून उद्या बिले भरली जातील, बँकेचे व्यवहार होतील, हे त्यांनी अचूक ओळखले होते. अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यानेही तेच ओळखले. १९९५ च्या एप्रिलमध्ये खात्याने या विक्रीविरुद्ध दावा लावला आणि मे महिन्यात कंपनीने नाद सोडला. 'मनी'ची विक्री पुढे २००९ साली कायमची बंद झाली.

त्याच वर्षी, म्हणजे १९९५ साली, व्हिसाबरोबर मिळून त्यांनी संगणकावरून कार्डाने पैसे देण्याची एक पद्धत आखली. मास्टरकार्डवाल्यांनी आपली वेगळी आखली. दोन पद्धतींत बाजार गोंधळेल म्हणून १९९६ साली दोन्ही एकत्र करून 'सेट' नावाची एक पद्धत ठरली. कागदावर ती फारच सुरक्षित होती. दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर दिसायचाच नाही. पण त्यासाठी गिऱ्हाइकाने आपल्या संगणकात वेगळा प्रोग्रॅम बसवावा, दाखला मिळवावा, असे दहा सोपस्कार. लोकांनी काय केले? सरळ कार्डाचा नंबर टाइप केला आणि माल मागविला. पन्नास डॉलरांहून जास्त बुडत नाहीत हे कायद्याने त्यांना आधीच सांगितले होते! इस्पितळातही हाच अनुभव. औषधाच्या कपाटाला तीन कुलपे लावली की घाईच्या वेळी कोणीतरी ते उघडेच ठेवते.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टने 'पासपोर्ट' काढला. एकच नाव, एकच परवलीचा शब्द, आणि त्याच्याजोडीला एक पाकीट. पाकिटात कार्डाचे नंबर एकदा ठेवायचे, मग कोणत्याही दुकानात नुसते बोट दाबायचे. कल्पना उत्तम होती, यात शंका नाही. पण त्याच वर्षीच्या नाताळात गंमत झाली. पासपोर्टचे इंटरनेटवरील जे नाव त्याची वर्गणी भरायची कंपनी विसरली, आणि हॉटमेलच्या कित्येक लोकांना आपली पत्रे दिसेनात. दूरच्या राज्यातील एका प्रोग्रामरने कारण शोधून काढले आणि स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. मग गाडी रुळावर आली. सबंध जगाचे पैसे सांभाळण्यास निघालेल्या सावकाराचे घरभाडे शेजाऱ्याने भरावे तसा हा प्रकार.

पुढचे मात्र गंमतीचे नव्हते. २००१ च्या नोव्हेंबरात एका प्रोग्रामरने दाखवून दिले की केवळ एक पत्र हॉटमेलवर उघडायला लावून पाकिटातील माहिती काढता येते. कंपनीला पाकीट काही काळ बंद ठेवावे लागले. २००२ च्या ऑगस्टात सरकारच्या व्यापार आयोगाने पासपोर्ट आणि पाकीट यांच्या सुरक्षिततेविषयी केलेले दावे दिशाभूल करणारे असल्याचा ठपका ठेवला. कंपनीने तडजोड केली आणि वीस वर्षांच्या देखरेखीस मान्यता दिली. २००३ साली ते खरेदीचे पाकीट मिटले. २००५ च्या जानेवारीत ईबेनेही पासपोर्टचा नाद सोडला.

आमच्या मते यंत्रातील दोष हे निम्मेच कारण. दुकानदारांना आपली गिऱ्हाइके रेडमंडच्या वहीत नोंदवायची नव्हती, बँकांना आपला धंदा जाण्याची धास्ती होती, आणि सामान्य माणसाला त्या पाकिटाची गरजच पडली नव्हती. त्याची गरज वेगळी होती, आणि ती ओळखली ती भलत्याच मंडळींनी.

ईबेचा लिलाव १९९५ साली सुरू झाला. दुकानदार नव्हेत, साधी माणसे एकमेकांना जुने कॅमेरे, बाहुल्या, नाणी विकू लागली. या माणसांना कार्ड घेता येत नसे. कार्ड घेण्याचा परवाना बँक दुकानालाच देई. मग काय, घेणारा टपालाने चेक किंवा मनिऑर्डर धाडी, विकणारा चेक वटेपर्यंत आठ-दहा दिवस माल अडवून बसे. म्हणजे व्ही. पी.च्याही मागे गेलेला व्यवहार. ईबेने ही अडचण ओळखून १९९९ साली 'बिलपॉइंट' नावाची कंपनी घेतली, पण ती लोकांपुढे नीट येईतो दिवस गेले.

तेवढ्यात कॅलिफोर्नियात १९९८ च्या अखेरीस निघालेल्या एका लहान कंपनीने आपला डाव मांडला. तिची मूळ कल्पना होती खिशातल्या छोट्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात पैसे सोडण्याची. १९९९ च्या जुलैत एका उपाहारगृहात बसून तीस लाख डॉलरांचे भांडवलच त्यांनी तसे घेऊन दाखविले. जगाला त्याचे काही वाटले नाही. जोडीला ईमेलवरून पैसे पाठविण्याची सोय केवळ दाखविण्यासाठी ठेवली होती, तिच्यावर ईबेचे विक्रेते तुटून पडले. हे पेपॅल. खाते उघडणाऱ्यास दहा डॉलर, दुसऱ्याला आणणाऱ्यास दहा डॉलर अशी खिरापत त्यांनी वाटली. २००० च्या मार्चमध्ये ती कंपनी इलॉन मस्क यांच्या एक्स डॉट कॉममध्ये मिळाली. येथे रेडमंडचा पुन्हा एकदा संबंध येतो. मस्क यांना सारा कारभार मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर न्यायचा होता, आणि मूळच्या तंत्रज्ञांना ते अजिबात मान्य नव्हते. या आणि इतर भांडणांतून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मस्क यांना मुख्य पदावरून दूर केले गेले.

खरी लढाई ठकांशी होती. चोरीच्या कार्डांनी खाती उघडून टोळ्या पैसे उपशीत होत्या. त्यांना हुडकण्याची विद्या पेपॅलने कमावली, आणि आमच्या मते तीच त्यांची खरी मिळकत. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायला लावण्याची जी कटकट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे तिचा व्यापारात पहिल्यांदा वापर करणाऱ्यांत हेच लोक होते. इस्रायलच्या वाचकांना ठाऊक असावे की २००८ साली पेपॅलने ठकबाजी ओळखणारी फ्रॉड सायन्सेस ही इस्रायली कंपनी १६ कोटी ९० लाख डॉलरांना घेतली. स्वतःचे बिलपॉइंट चालेना तेव्हा ईबेने २००२ साली पेपॅलच विकत घेतले. किंमत दीड अब्ज डॉलर, म्हणजे रेडमंडने इंट्युइटसाठी बोललेला आकडाच! २०१५ साली दोघे पुन्हा विभक्त झाले.

या धावपळीत किती दुकाने मिटली त्याची यादी मोठी आहे. फ्लूझ आणि बीन्झ २००१ साली बुडाले. सिटीबँकेचे सी-टू-इट २००३ साली गेले, याहूचे पेडायरेक्ट २००४ साली. गूगल चेकआउट २००६ ला आले, २०१३ ला गेले. अमेरिकेतील गूगल पेचे स्वतंत्र अॅपही २०२४ च्या जूनमध्ये बंद झाले. नावे मोठमोठी होती, तरी टिकली नाहीत. म्हणून आम्ही नातलगांना सांगतो की असल्या पाकिटात पैसे साठवून ठेवू नयेत, आले की बँकेत वळवावेत. येथल्या ग्राहक-संरक्षण कार्यालयानेही २०२३ च्या जूनमध्ये हाच इशारा दिला होता, कारण अशा पाकिटातील शिलकीला बँक ठेवीचा विमा असेलच असे नाही.

आज अमेरिकेत साध्या माणसापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत: पेपॅल, २०१३ पासून त्याच्याच ताब्यात असलेले व्हेन्मो, आणि बँकांनी मिळून २०१७ साली काढलेले झेल. यांपैकी चांगले कोणते, असे विचारले की आमचा उलट प्रश्न असतो: तुम्ही विकणार की घेणार? कारण दोघांचे हित उलटे आहे. घेणाऱ्याला पैसे परत फिरण्याची वाट हवी, विकणाऱ्याला ती नको.

अनोळखी माणसाकडून दूरवरून वस्तू मागविणाऱ्याने झेल वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झेलचे पैसे काही मिनिटांत समोरच्याच्या बँक खात्यात पडतात आणि मालाची हमी कोणी देत नाही. ते मुलांना, भावंडांना, ओळखीच्या माणसांना द्यायचे साधन आहे. कोणी बँकेचा माणूस म्हणून फसविले तर काही बँका २०२३ पासून पैसे भरून देऊ लागल्या, पण न आलेल्या खुर्चीचे कोणी भरून देत नाही. पेपॅल आणि व्हेन्मो यांत पाठविताना दोन पर्याय असतात, मालासाठी आणि आप्तमित्रांसाठी. मालासाठी निवडले तर विकणाऱ्याला सुमारे तीन टक्के मजुरी पडते, पण माल न आल्यास घेणाऱ्याला तक्रार करता येते. नेमक्या याच कारणाने ठक गोड बोलून सांगतो, "ताई, आप्तमित्र दाबा, तुमची फी वाचेल." फी त्याची वाचते, हमी आपली जाते. पैसे बँक खात्याऐवजी क्रेडिट कार्डावरून दिले तर १९७४ च्या कायद्याचा आधारही पाठीशी राहतो.

विकणाऱ्याचे गणित वेगळे. सामान दारातून हातोहात न्यायचे असेल तर रोख रक्कम किंवा झेल बरे. मात्र पैसे जमल्याचे घेणाऱ्याच्या फोनवरच्या चित्रात नव्हे, आपल्या बँकेच्या अॅपात आपल्या डोळ्यांनी पाहावे. पेपॅलने घेतले तर पुढे १८० दिवसांपर्यंत घेणारा तक्रार करू शकतो, आणि तेव्हा पार्सल पोचल्याचा टपालाचा पुरावा नसेल तर विकणाऱ्याची बाजू लुळी पडते. हातोहात दिलेल्या कपाटाची पोच कोण देणार?

चेकविषयी वेगळे सांगितले पाहिजे. आम्ही जेवणाचे टेबल विकायला काढले तेव्हा एका गृहस्थांनी न पाहताच ते पसंत केले आणि किंमतीहून कितीतरी अधिक रकमेचा चेक पाठविला. वरचे पैसे हमालाला झेलने द्यावेत, असे आर्जव. आम्ही चेक वटविला नाही, हमालालाही काही दिले नाही, टेबल पुढे शेजारच्या कुटुंबाने नेले. असे चेक आपल्या ओळखीच्या दोन घरी गेले होते आणि तेथे नुकसान झाले. कारण असे की १९८७ च्या कायद्यान्वये येथील बँकेला चेकची रक्कम थोड्याच दिवसांत खात्यात दाखवावी लागते. चेक खोटा ठरतो तो कधी कधी कित्येक आठवड्यांनी, आणि मग बँक ती रक्कम आपल्याकडून वसूल करते. खात्यात आकडा दिसला म्हणजे चेक वटला, ही आपली भारतातली समजूत येथे घातक ठरते.

नाव तपासण्याची शिस्त आम्हांला नोकरीनेच लागली. इंजेक्शनाची सुई टोचण्यापूर्वी रोग्याच्या मनगटावरील पट्टी वाचायची, त्याच्याच तोंडून नाव वदवून घ्यायचे, मग औषध. वीस वर्षांच्या ओळखीचा रोगी असला तरी हेच. झेल किंवा यूपीआयने पैसे सोडण्यापूर्वी पडद्यावर जे नाव उमटते ते याच रीतीने वाचावे.

भारताशी देणेघेणे असलेल्यांसाठी थोडे लिहितो. १९७० च्या आगेमागे देश सोडणाऱ्याला जेमतेम आठ डॉलर नेता येत, आणि परकीय चलनाचा १९७३ चा कडक कायदा तर ज्येष्ठांच्या अंगावर काटा आणणारा होता. तो जाऊन २००० च्या जूनपासून सौम्य कायदा आला. तरी रिझर्व्ह बँकेची नजर सैल झालेली नाही. पेपॅलला २०१० च्या फेब्रुवारीत भारतातील खाजगी देवाणघेवाण थांबवावी लागली, आणि तेव्हापासून पुतण्याला वाढदिवसाचे पैसे त्या वाटेने जात नाहीत. देशांतर्गत व्यवहार पेपॅलने २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू केला आणि २०२१ च्या १ एप्रिलला आवरता घेतला. भारतातले विक्रेते परदेशी गिऱ्हाइकाकडून मालाचे पैसे मात्र त्यातून घेऊ शकतात.

पेपॅल मागे हटले याचे एक मोठे कारण आमच्या समजुतीप्रमाणे यूपीआय. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते आले, आणि आता अलिबागच्या बाजारात कोळीण मासळीचे पैसे चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर घेते. फी नाही, बँकेतून बँकेत, क्षणात. परत फिरण्याची वाट मात्र झेलप्रमाणेच नाही. तेथील ठकांनी जुन्या सामानाच्या विक्रीत एक डाव फार चालविला. विकणाऱ्यालाच मागणी पाठवायची आणि म्हणायचे, "पैसे जमा व्हायला पिन टाका." पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय २०२५ च्या ऑक्टोबरपासून बंद केली आहे, ते बरे झाले.

२०२३ च्या जानेवारीत परदेशी मोबाइल नंबर एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरण्याची मुभा दहा देशांतील भारतीयांना मिळाली. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया त्यांत होते, इस्रायल नव्हते. तेव्हा दिमोना-लोदच्या मंडळींनी भारतभेटीपूर्वी आपल्या बँकेत याची चौकशी करावी, आणि ओसीआय असल्यास ते कार्ड बरोबर ठेवावे. इस्रायलमधील आपसांतील देवाणघेवाणीस २०१७ साली हापोआलिम बँकेने काढलेले बिट पुरेसे आहे. फक्त अनोळखी विकणाऱ्यास त्यावरून आगाऊ पैसे देण्याचे टाळावे, सोफा असो की शिवणयंत्र.